सूपभर ज्वारी

द्वारकाबाईच्या घरामागच्या उकिरड्यावरून मी कचरूला उचललं, तेव्हा तो बारा दिवसांचा होता. त्याची नाळ मीच कापली होती. द्वारकाबाईच्या सुनेची, उषाची, आधीची दोन लेकरं वर्षाच्या आत गेली होती. दोन्ही मुलगेच. म्हणून तिसऱ्याच्या वेळी द्वारकाबाईने जुनी रीत करायची ठरवली. ज्या घरात लेकरं जगत नाहीत, त्या घरातलं लेकरू उकिरड्यावर टाकायचं. परक्या बाईने ते उचलायचं. मग घरच्यांनी तिला धान्य देऊन ते विकत घ्यायचं. असं केलं की ते त्या घरात जन्मलेलं राहत नाही, बाहेरून आणलेलं होतं, आणि घराच्या मागे जे काही लागलेलं असेल त्याला ते सापडत नाही.

परकी बाई म्हणून त्यांना मी चालत होते. दाई होते, आणि बौद्धवाड्यातली होते. माझ्याहून परकी त्यांना गावात कोण मिळणार होती?

माझा मुलगा धर्मराज घरी शिलाईची मशीन चालवायचा. त्याला हे कळल्यावर तो म्हणाला, दीक्षा घेतलेल्या घरातली बाई आता उकिरडे धुंडाळायला निघाली. मी तरी हो म्हटलं. बाळंतिणीच्या खोलीत मी उषाला बघितलं होतं. ती लेकराला पाजायची, पण त्याच्या तोंडाकडे बघायची नाही. भिंतीकडे बघत पाजायची.

तर बाराव्या दिवशी सकाळी सुपात घालून लेकरू उकिरड्यावर ठेवलं. मी पलीकडच्या बोळीतून आले आणि विचारलं, कुणाचं लेकरू आहे हे? द्वारकाबाई तोंड फिरवून म्हणाली, कुणाचं नाही, टाकून दिलंय कुणीतरी. मग मी नेते, असं म्हणून मी त्याला उचललं आणि लिंबापर्यंत चालत गेले. तिथं तिने मागून हाक मारली.

"बाई, लेकरू इकती का?"

मी इकते म्हणाले. तिने माझ्या पदरात सूपभर ज्वारी टाकली. रीतीपुरतं असलं की लोक कोंडासुद्धा देतात, पण तिने चाळलेली, टपोरी ज्वारी दिली. त्याच दिवशी त्याचं नाव कचरू ठेवलं. आणि त्याच दिवशी द्वारकाबाई राजूरच्या गणपतीला नवस बोलली, की या घरचं हे लेकरू तुझ्या पायाशी जावळ द्यायला येईल, त्याआधी दुसऱ्या कशासाठीही गावाची शीव ओलांडणार नाही.

त्या हिवाळ्यात आमच्याकडे लेकरांच्या खोकल्याचा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. गावात आरोग्य उपकेंद्र होतं, दोन खोल्यांचं, आणि तिथं बेबीनंदा नावाची सिस्टर राहायची. जालन्याची होती. तिने आम्हा आसपासच्या दायांना बोलावून शिकवलं. खोकल्याच्या लेकराचा श्वास जोरात चालत असेल तर पांढऱ्या गोळ्या द्यायच्या, त्या उपकेंद्रात आल्या होत्या. पण लेकरू श्वास ओढताना बरगड्यांच्या खालची जागा आत जात असेल, किंवा ते दूध ओढत नसेल, तर गोळीवर थांबायचं नाही. पहिली गोळी पोटात घालून सरळ तालुक्याच्या दवाखान्यात न्यायचं. तिथं नळीने हवा देतात, इंजेक्शन देतात. आमच्याकडे याला डब्बा म्हणायचे. बरगड्या आत जाताना आम्ही सगळ्यांनीच बघितल्या होत्या आणि त्यानंतर काय होतं हेही बघितलं होतं. त्यावर इलाज आहे हे मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

सिस्टरची अडचण दुसरीच होती. बरगड्या बघायच्या तर झबलं वर करावं लागतं, आणि आमच्या गावात परक्या माणसासमोर लेकराचं झबलं वर करत नसत. नजर लागते म्हणायचे. थंडीत तर झबलं, टोपडं, वरून गोधडी. सिस्टर घरोघर जायची आणि गोधडीकडे बघून परत यायची. त्यात आदल्या वर्षी रखमाजीच्या नातीचं झालं. तिला घरी अंगारे-धुपारे करण्यात फार उशीर केला होता. शेवटी सिस्टरने जोर करून तालुक्याला पाठवलं, आणि पोर कपड्यात गुंडाळून परत आली. उशीर केला ते गाव विसरलं, सिस्टरने पाठवलं तेवढं लक्षात ठेवलं. त्यानंतर ती आली की बाया आतून कडी लावू लागल्या. एकदा ती मला म्हणाली होती, मावशी, आणखी एक असं झालं तर या गोळ्या उंदरांना घालून मी घरी जाईन.

पौष महिना होता. कचरू तेव्हा चार महिन्यांचा झाला असेल. मी शेवटच्या वेचणीचा कापूस घेऊन सकाळी शेतावरून येत होते. द्वारकाबाईच्या दारावरून जाताना मला लेकराचं कण्हणं ऐकू आलं. रडणं नव्हतं. दर श्वासाला एक बारीक कण्हणं, एकसारखं. मी कापसाचं गाठोडं तिथंच टाकलं आणि अंगणात गेले.

अंगणातल्या चुलीपुढे द्वारकाबाई बसली होती. निखाऱ्यात दाभण तापत ठेवलं होतं. पोटावर डाग द्यायचे, ही डब्ब्याची आमच्याकडची जुनी रीत. ओसरीवर उषा कचरूला मांडीवर घेऊन बसली होती. ती म्हणाली, कालपासून खोकतोय, आणि पहाटेपासून दूध ओढत नाही. तोंडात दिलं की सोडून देतो. हे ती लेकराच्या तोंडाकडे बघत म्हणाली. चार महिन्यांत एवढं झालं होतं.

मी द्वारकाबाईला म्हटलं, दाभण बाजूला काढ, मी सिस्टरला घेऊन येते. ती म्हणाली, आण, पण रखमाजीच्या नातीला नेलं तसं याला न्यायचं नाही, हे तिला सांगून आण.

सिस्टर भाकरी खात होती, तशीच उठली. आम्ही आलो तेव्हा उषाचा नवरा भुजंगही शेतातून आला होता आणि ओसरीच्या खांबाला टेकून उभा होता. सिस्टर म्हणाली, झबलं वर करा. उषाने सासूकडे बघितलं. द्वारकाबाईने मान हलवली, नाही. सिस्टर पुन्हा म्हणाली. पुन्हा तेच. तिकडे कण्हणं चालूच होतं.

मग मी म्हटलं, मी तर परकी नाही ना, मी त्याला उचललंय. द्वारकाबाईने तोंड फिरवलं. तिला ते मोडता येईना. पायरीखाली बसून मी लेकराला मांडीवर घेतलं आणि झबलं वर केलं. सिस्टर माझ्या मागे येऊन खांद्यावरून वाकली. दर श्वासाला बरगड्यांच्या खाली खळगा पडत होता, एवढा की त्यात माझं बोट मावलं असतं.

सिस्टरने तिथंच गोळी कुस्करली, उषाच्या दुधात कालवली आणि चमच्याने दिली. थोडी ओठावरून खाली आली, थोडी आत गेली. मग ती म्हणाली, आता भोकरदन. या क्षणी.

द्वारकाबाईने नवस सांगितला. सिस्टर म्हणाली, राजूर वाटेतच लागतं, गाडी थांबवा, जावळ काढा आणि पुढे चला. द्वारकाबाई म्हणाली, जावळ मामाच्या मांडीवर काढतात आणि मामा ऊसतोडीला गेलाय, तो चैतात येईल. सिस्टरने भुजंगला विचारलं, तुम्ही बाप आहात, तुम्ही सांगा. भुजंग आईकडे बघून म्हणाला, दोन पोरं माझ्याच हातानं पुरली, आता मला काही सांगायला लावू नका.

यावर सिस्टरचा तोल गेला. ती म्हणाली, "इथं ठेवलंत तर दिवस मावळेपर्यंत हे लेकरू राहणार नाही."

त्या घरात असं बोलायचं नव्हतं. द्वारकाबाई उठली. माझ्या मांडीवरून तिने लेकरू काढून घेतलं, उषाकडे दिलं आणि उषाला आत पाठवलं. मग सिस्टरला म्हणाली, तोंडातून निघालं ना तुझ्या, आता जा. ती चुलीपुढे बसली आणि दाभण पुन्हा निखाऱ्यात सारलं.

आम्ही बाहेर लिंबाखाली आलो. सिस्टर म्हणाली, पोलीस पाटलाला आणू का? मी म्हटलं, तो मळ्यात असेल. त्याला आणेपर्यंत वेळ जाईल, आणि आज त्याच्या जोरावर लेकरू ओढून नेलं तर उद्या गावात एक दार उघडणार नाही. तिने आरोग्य केंद्राच्या जीपचं विचारलं तर जीप ऑपरेशनच्या कॅम्पला गेलेली. राहिली फाट्यावरची भाड्याची काळी-पिवळी. ती भरली की निघायची, आणि नंतर दुपारपर्यंत दुसरी नव्हती.

लिंबाखालून घरामागचा उकिरडा दिसत होता. मी सिस्टरला म्हटलं, तू इथंच थांब, कुठं जाऊ नको. आणि माझ्या घराकडे निघाले.

घरी येऊन मी सूप घेतलं आणि कणगीतून ज्वारी काढली. धर्मराजने मशीन थांबवली आणि काय चाललंय विचारलं. मी त्याला थोडक्यात सांगितलं. सौदा मोडते, म्हटलं. ज्वारी परत दिली की लेकरू माझं. माझ्या लेकराला त्यांचा नवस लागत नाही.

त्याने हातातलं कापड खाली ठेवलं. मग म्हणाला, "माय, वाटंत त्याचं काही झालं तर गाव काय म्हणंल, ठाव हाय ना? आपण मारलं म्हणंल."

ठाव आहे, मी म्हटलं.

"अन् तू तर हे मानत न्हाई."

"मी कुठं मानते? ती मानती."

त्याने चपला पायात घातल्या. फाट्यावर जाऊन गाडी थांबवतो म्हणाला. दारातून परत वळला आणि सुपाकडे बघून म्हणाला, "चाळून घे. तिनं चाळून देल्ती."

मी ज्वारी चाळली. तेवढाही वेळ मला जड जात होता, पण त्याचं बरोबर होतं. त्या बाईला सौद्यात खोट काढायला जागा ठेवायची नव्हती.

मी परत आले तेव्हा दाभणाचं टोक लाल झालं होतं. द्वारकाबाईने ते फडक्यात धरलं होतं आणि ओसरीवरून ती उषाला बाहेर ये म्हणून हाक मारत होती. उषा येत नव्हती. भुजंग तसाच खांबाला टेकून. मी ओसरीच्या पायरीपुढे आले. बाळंतपण सोडलं तर एरवी मी तिथंच थांबायचे. त्या दिवशी पायऱ्या चढले आणि सूप उंबऱ्यावर ठेवलं.

"सौदा मोडला, द्वारकाबाई," मी म्हटलं. "ही तुझी ज्वारी. माझं लेकरू दे."

तिला आधी कळलं नाही. मग कळलं. ती दाभण हातात घेऊन तशीच उभी राहिली. मी सांगितलं, तू उचलायला बोलावलंस, मी उचललं. तू विकती का विचारलंस, मी विकलं. आता मला द्यायचं नाही. तुझा माल तुझ्यापाशी, माझा माझ्यापाशी.

"नवस माझा हाय," ती म्हणाली.

"तुझ्या घरच्या लेकराचा हाय. हे तुझ्या घरचं न्हाई. मी त्याला कुठंबी नेईन."

ती खाली बसली. सुपातली मूठभर ज्वारी तिने घेतली आणि बोटांतून परत सुपात सोडली. पुन्हा घेतली, पुन्हा सोडली. मला वाटलं, ती दाणे पारखतेय. पण ती दाण्यांकडे बघतच नव्हती. आतून कण्हणं येत होतं. ते मगाशी होतं त्यापेक्षा बारीक झालं होतं, आणि आम्ही सगळेच ते ऐकत होतो.

"अन् काही झालं तर?" तिने विचारलं. हे तिने हळू विचारलं.

"तर माझं गेलं."

धर्मराजने सांगितलेलं सगळं मला तेव्हा खरं कळलं. पण बोललेलं परत घेण्यासारखं नव्हतं.

तेवढ्यात भुजंग खांबापासून सुटला. त्याने आईच्या हातातलं दाभण फडक्यासकट घेतलं आणि रांजणाजवळच्या बादलीत बुडवलं. चर्र झालं. द्वारकाबाईने एकदा बादलीकडे बघितलं, मग सूप उचललं, आत गेली आणि ज्वारी तिच्या कणगीत ओतली. ओतल्याचा आवाज बाहेर आला. तो तिचा होकार होता.

उषा लेकरू घेऊन दारात आली. तिने ते माझ्या हातात दिलं आणि तिथंच उभी राहिली. मला म्हणाली, मावशी, दुधाचं कसं? मी उत्तर देण्याआधी आतून द्वारकाबाईचा आवाज आला.

"दूध पाजायला बाई लागत असंल तर ने म्हणावं हिला. आमच्या घरची म्हणून न्हाई, दुधाची म्हणून."

उषाने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि माझ्या मागे निघाली. स्वतःच्या लेकरामागे ती अशी मोलाची बाई होऊन चालली होती. पण चालली होती. लिंबाखालून सिस्टर उठली. ती आमच्याबरोबर चालू लागली.

भुजंग घोंगडी घेऊन शिवेपर्यंत आला. शिवेवर शेंदराचा दगड आहे, तिथं तो थांबला. उषा म्हणाली, तुम्ही पण चला. तो म्हणाला, मी बरोबर आलो तर ते आपल्या घरचं झालं. त्याने घोंगडी माझ्या खांद्यावर टाकली आणि दगडाजवळ उकिडवा बसला. मी वळून बघितलं तर तो आमच्याकडे बघत नव्हता, जमिनीकडे बघत होता.

फाट्यावर धर्मराज काळी-पिवळीच्या पुढे दोन्ही हात बोनेटवर ठेवून उभा होता. ड्रायव्हर आतून शिव्या देत होता, माणसं कुरकुरत होती. आम्हाला बघून त्याने हात काढले आणि ड्रायव्हरला म्हणाला, आता जा, हवाई जहाज कर तुझं. मागच्या बाकावर दोघांना उठवून त्याने आम्हाला बसवलं. तो टपावर चढायला निघाला तर मी नको म्हटलं. काही वाईट झालं असतं तर मला तो घरी हवा होता, दाराशी.

गाडी निघाली. घोंगडीच्या आत मी झबलं वर केलं होतं आणि तळहात कचरूच्या बरगड्यांवर ठेवला होता. खळगा पडायचा, भरायचा, पडायचा, भरायचा. उषा माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या तोंडावरून तिला कळत असावं, म्हणून मी खिडकीबाहेर बघायला लागले. दोन्ही बाजूंना ज्वारी निसवलेली होती, कणसं वर आली होती.

राजूरला आलो आणि गाडी अडकली. त्या दिवशी चतुर्थी होती, हे आमच्या कुणाच्या ध्यानात नव्हतं. टेकडीवरच्या देवळापासून खालच्या रस्त्यापर्यंत माणसंच माणसं. बैलगाड्या, ट्रॅक्टर, हारांच्या पाट्या, नारळांचे ढीग. ड्रायव्हरने इंजिन बंद केलं आणि बिडी काढली. म्हणाला, आता आरती होऊन गर्दी उतरेपर्यंत मुंगी सरकायची नाही.

उषा देवळाकडे बघत होती. ज्याचा नवस चुकवून चाललो होतो त्याच्याच पायथ्याशी गाडी उभी होती. ती म्हणाली, मावशी, मी पळत जाऊन पाया पडून येते, त्याची माफी मागते. मी म्हटलं, तुला कशाची माफी, तू तर दुधाची बाई. तिला हसू आलं नाही. ती उठली. मी एका हाताने तिचं मनगट धरलं. तिने हात ओढला, मी सोडला नाही. ती जाऊन गर्दीत हरवली असती तर आम्ही दिवसभर तिला शोधत बसलो असतो.

तेवढ्यात ती वाकली आणि तिचा चेहरा एकदम सैल झाला. "मावशी, शांत झालं बघा," ती म्हणाली. "कण्हून राह्यलं न्हाई आता."

कण्हणं खरंच थांबलं होतं. माझ्या हाताखालचा खळगाही थांबला होता. मी सिस्टरकडे बघितलं. सिस्टरने घोंगडीत हात घातला आणि कचरूच्या तळपायावर जोरात टिचकी मारली. काही नाही. दुसरी मारली. मग त्याने ओढून एक श्वास घेतला, मग दुसरा, आणि खळगा पुन्हा सुरू झाला.

"शांत नाही झालं," सिस्टर म्हणाली. "दमलंय ते."

ती गाडीतून उतरली. पांढऱ्या साडीत ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिली आणि तिने मी कधीच ऐकला नव्हता असा आवाज काढला. "डिलिव्हरीची गाडी आहे, सरका, बाई अडलीय, सरका." खोटंच होतं. पण आजारी लेकरू म्हणाली असती तर लोक बघायला गोळा झाले असते, अडलेली बाई म्हटल्यावर बाजूला झाले. हारवाल्याने आपली पाटी स्वतः उचलली. एका म्हातारबुवांनी काठीने बैल मागे रेटले. सिस्टर गाडीपुढे चालत राहिली आणि ड्रायव्हर विझलेली बिडी ओठात धरून तिच्या मागे गाडी ढकलल्यासारखी नेत होता. मी दर थोड्या वेळाने तळपायावर टिचकी मारत होते. नंतर ते काम उषाने माझ्याकडून घेतलं. तिने मारली की तो श्वास घ्यायचा, आणि दर वेळी ती त्याला म्हणायची, घे, अजून घे.

भोकरदनला दवाखान्याच्या दारात गाडी थांबली तेव्हा त्याचे ओठ जांभळे पडले होते. सिस्टर लेकरू घेऊन आत पळाली. आम्ही मागून गेलो तोवर त्याच्या नाकाला नळी लागली होती आणि डॉक्टर त्याच्या बारक्या हातावर शीर शोधत होते. आम्हाला बाहेर काढलं.

बाहेर खिडकीत केसपेपर लिहिणारा माणूस होता. त्याने लेकराचं नाव विचारलं, मी सांगितलं. मग त्याने आईचं नाव विचारलं. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं. उषाच्या डोळ्यांत भीती दिसत होती. इथं बोललेलं खरं धरलं जाईल आणि त्या नवसापर्यंत पोहोचेल, अशी भीती.

"चतुराबाई," ती म्हणाली आणि माझ्याकडे बोट केलं.

त्या माणसाने चष्म्यावरून माझे पांढरे केस बघितले. मग माझं वय विचारलं. सिस्टर तिथं आली होती, ती म्हणाली, ती सांगतेय ते लिहा हो, लेकरू बरं होऊ द्या, मग वयाचं बघू. त्याने लिहिलं.

त्या दिवशी काही कळलं नाही. डॉक्टर यायचे, छातीला नळी लावून ऐकायचे आणि जायचे. सिस्टरने एकदा त्यांना गाठून विचारलं. ते म्हणाले, आणखी तासभर उशीर झाला असता तर मला विचारायची गरज पडली नसती, आता उद्या सकाळी विचारा. उषाचं दूध भरून आलं होतं, ती भिंतीकडे तोंड करून पिळून टाकत होती.

दुसऱ्या दिवशी उन्हं आल्यावर नर्सने लेकरू तिच्या मांडीवर दिलं आणि पाजून बघा म्हणाली. त्याने दोन वेळा सोडलं. तिसऱ्यांदा धरलं. उषा हुंदका न देता रडली, लेकराला हिसका बसू नये म्हणून. सिस्टर म्हणाली, मी जरा चहा पिऊन येते. ती बराच वेळ आली नाही, आणि आली तेव्हा तिचेही डोळे लाल होते.

भुजंगला निरोप गेला असणार, कारण बाजाराच्या दिवशी द्वारकाबाई आली. वॉर्डाच्या दारात उभी राहिली, आत आली नाही. तिच्या हातात फडक्यात बांधलेलं सूप होतं. बायका तिच्याकडे बघत होत्या. मी उठून दाराशी गेले. ती इकडेतिकडे बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, लेकरू इकती का?"

मी सुपाकडे बघितलं. चाळलेलीच होती, मला उघडून बघायची गरज नव्हती. मनात आलं की घ्यावी आणि मोकळं व्हावं. त्या रात्री-दिवसांत मला झोप लागली नव्हती. माझं गेलं, हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नव्हतं.

पण मी तिला म्हटलं, आज न्हाई. तिने विचारलं, कामून? मी सांगितलं, इथं विकलं तर ते इथंच तुझ्या घरचं होईल, शिवेच्या बाहेर. मग तुझा नवस मोडला. आणि गावात नेऊन विकलं, तर पुन्हा खोकला झाल्यावर तू मला पुन्हा सूप आणायला लावशील. चैतात मामा येऊ दे, जावळाचा दिवस ठरू दे. त्याच्या आदल्या दिवशी मी विकीन. तोवर ते माझं, तू सांभाळायला ठेव. आणि सिस्टर माझ्या लेकराला बघायला येत जाईल, तिला दार लावायचं नाही.

द्वारकाबाई सूप छातीशी धरून हिशोब लावत होती. मला वाटलं, आता भांडेल. चार एकर बागायतीची मालकीण ती, आणि तिचा नातू चैतापर्यंत बौद्धवाड्यातल्या दाईचा. तिने सूप भिंतीशी खाली ठेवलं.

"मंग बघू तरी का त्याला?" तिने विचारलं.

मी बाजूला झाले. ती खाटेजवळ आली. उषा पाजत होती, ती उठायला गेली तर सासूने तिला खांद्याला धरून बसवलं. कचरू पिऊन झोपला. त्याला खाटेवर ठेवलं. अंगावर दवाखान्याची चादर होती, खाली धर्मराजने शिवून पाठवलेलं झबलं. शेजारच्या खाटांवरच्या बाया, त्यांचे नवरे, झाडणारा माणूस, सगळे तिथंच होते.

द्वारकाबाईने चादर काढली. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ते झबलं वर कर. मला बघू दे."

मी झबलं वर केलं. ती वाकली आणि बघत राहिली. पोट वर यायचं, खाली जायचं. बरगड्यांखालची जागा हलत नव्हती. तिने हात पुढे केला, मध्येच थांबवला आणि मला विचारलं, हात लावू का?